उधारीची वही : काही आठवणी व एक विनंती

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, रत्नागिरी येथे, एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ‘जुन्या काळचा व्यापार व शेतकऱ्याची उधारी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी काही अर्थशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षक झालो आणि मुलांना पाढे शिकविण्यात उभी हयात गेली. तथापि माझा जन्म वाण्याच्या घरी झाला. दुकानाच्या फळीवर बसून मी अक्षरे गिरविली, आणि मला आलेले पहिले वाचन म्हणजे वडिलांच्या खतावणीतील गिऱ्हाइकांची नावे. तेवढ्याच अधिकारावर मी आज आपल्यापुढे उभा आहे. या विषयाचा आपल्या आजच्या एका कामाशी निकटचा संबंध आहे. तो मी शेवटी सांगेन.

आमचे गाव राजापूर तालुक्यात. आजोबांच्या काळी राजापूर बंदरात गलबते लागत आणि तेथून माल बैलांच्या पाठीवरून गावोगाव जाई. आजोबांची वही मोडीत लिहिलेली असे. वडिलांनी ती बाळबोधीत आणली. दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. मागे माजघर, पुढे तराजू. मीठ, गूळ, घासलेट, चहापूड, तंबाखू, कांदे, सुकी मासळी आणि तांदूळ एवढाच काय तो माल. पावसाळ्यात समुद्र बंद होई, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणून मृगाच्या आधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवावी लागे. गिऱ्हाइकाची बेगमी त्याच्या घरात नसे, ती आमच्या दुकानात असे. आणि तिची किंमत वहीत असे.

आमच्याकडील शेतकऱ्याचे वर्ष कसे असते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. भात पिकते ते वर्षातून एकदा. त्यातून खोतीच्या काळी खोताचा खंड जाई. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तरी जमिनीचे तुकडे लहान ते लहानच राहिले. उरलेले भात माघ-फाल्गुनापर्यंत पुरले तरी पुष्कळ. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई, आणि त्याच वेळी लावणीच्या कामासाठी माणसांना दोन घास अधिक लागत. त्या दिवसांत उसने घेतलेले भात पीक आल्यावर सवाईने फेडावयाचे, म्हणजे चार पायल्यांस पाच, असा रिवाज होता. कोठे कोठे दिढीही घेत. माझ्या आजोबांनी सवाई घेतली आहे. वडिलांनी ती बंद केली खरी, परंतु त्यांच्याही दुकानी रोखीचा भाव व उधारीचा भाव एक नसे. हे मी लपवून ठेवीत नाही. पूर्वजांचे गुण गावयाचे असतील, तर त्यांचे हिशेबही उघडे ठेविले पाहिजेत.

आता प्रश्न असा, की ज्याचे भात सहा महिनेच पुरते, तो उधारी फेडतो कशाने? याचे उत्तर आमच्या वहीत पानोपानी होते : ‘मुंबईहून मनिऑर्डर आली, जमा.’ मुंबईस पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारण्यास घेतली. त्यानंतर जसजशा गिरण्या वाढल्या, तसतसा आमच्या जिल्ह्यातील घराघरांतून एकेक पुरुष परळ-लालबागेस गेला. पंधरा-वीस जणांनी एका खोलीत राहावे, पाळीपाळीने झोपावे, खाणावळीत जेवावे आणि महिन्याकाठी पोस्टात जाऊन पैसे पाठवावेत. मनिऑर्डरीच्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहिण्यास जागा असे. त्यांत पुष्कळदा एक ओळ ठरलेली असे : ‘वाण्याचे देऊन टाकणे.’ ज्यांना वाचता येत नसे, अशा आयाबाया तो तुकडा आमच्याच दुकानात वाचून घेत. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी स्वतः येई, तेव्हा देवाला नारळ ठेवून झाला की त्याची दुसरी फेरी दुकानाकडे असे. हिशेब बघावा, बाकी द्यावी, पान खावे आणि जावे.

आमच्या जिल्ह्यात कापसाचे पीक नाही. लाल माती व एवढा पाऊस कापसाला मानवत नाही. तरीही आमची वही कापसावर चालत होती, हे मला फार उशिरा, १९८८ सालच्या नाताळच्या सुटीत उमगले. माझे एक आतेभाऊ सरकारी नोकरीत बदलून खामगावी गेले होते. त्यांच्याकडे मी आठ दिवस राहिलो. खामगाव म्हणजे वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा नेण्यात आला, तो मुख्यतः कापसाकरिता. मी गेलो तेव्हा कापूस-एकाधिकार खरेदीची योजना चालू होती. ती १९७२ मध्ये सुरू झाली व पुढे काही वर्षांनी मागे पडली. खरेदी-केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली होती. गाड्यांना चहूबाजूंनी पाल लावून कापूस शिगोशीग भरलेला, बैल सोडलेले, गाडीखाली तीन दगडांची चूल मांडून शेतकरी भाकरी भाजीत बसलेले. जो तो एकच गोष्ट विचारी : ‘चुकारा केव्हा मिळणार?’ चुकारा म्हणजे दिलेल्या कापसाचे पैसे. तो शब्द ऐकला आणि मला मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या आमच्याकडील बाया आठवल्या.

त्या मुक्कामात आडतीच्या पेढीवर जन्म काढलेल्या एका वृद्ध मुनिमांशी माझी ओळख झाली. त्यांनी जुन्या काळची रीत समजावून सांगितली. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने बियाणे, बैल व सारा यांकरिता सावकाराकडून वा आडत्याकडून रक्कम उचलावयाची. मग वेचणी झाली, की कापूस त्याच्याच आडतीवर आणावयाचा. भाव ठरे तो रुमालाखाली. दलाल व खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून किंमत सांगत आणि कापसाचा धनी नुसता बघत उभा राही. ठरलेल्या भावातून आडत, हमाली, तोलाई व धर्मादाय वजा व्हावयाचा, मागील व्याज वळते व्हावयाचे, आणि उरेल ते त्याच्या पदरात. पुढे कापूस जिनात जाई. सरकी निराळी, रुई निराळी. रुईच्या गाठी बांधल्या जात व रेल्वेने मुंबईस रवाना होत. आमच्याकडे खंडी म्हणजे वीस मण भात. त्यांच्याकडे खंडी म्हणजे ७८४ पौंड रुई. शब्द एकच, पण मापे वेगळी. शेतकऱ्याची गत मात्र दोन्हीकडे एकच. त्या गाठी ज्या गिरणीत फुटत, तेथेच आमचा चाकरमानी साच्यावर उभा असे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याची उधारी एका टोकाला, राजापूरच्या कुळवाड्याची उधारी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये कापसाचा धागा.

हा धागा किती हळवा आहे, याचे दाखले इतिहासात आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जाणे थांबले आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, शेतकऱ्यांनीही ती घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्जाचे कागद मात्र तसेच राहिले. त्यात सारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि ते लोण पुणे व नगर या जिल्ह्यांत पसरले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या दंग्यांत माणसे मारण्यावर लोकांचा रोख नव्हता. त्यांना हवे होते ते कागद. रोखे व खाती बाहेर काढून त्यांनी जाळली. १८७९ च्या कायद्याने त्या भागातील शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले व कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा न्यायालयास मिळाली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी कायदाच झाला. सौदा उघड्यावर व्हावा, वजन खरे असावे, हा त्यामागील हेतू. म्हणजे जे गुप्त होते ते उघडे करणे, ही व्यापारातील सुधारणा ठरली. परंतु सर्वच गोष्टी उघड्यावर आणणे हितावह असते काय? याचे उत्तर मला पुस्तकांनी दिले नाही. ते वडिलांनी दिले. आणि तेही माझ्या हातून एक चूक घडल्यावर.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. डॉ. दत्ता सामंतांचे नाव त्या दिवसांत आमच्या गावच्या पारावरही निघे. पहिले एक-दोन महिने कोणालाच काही वाटले नाही. मग मनिऑर्डरी थांबल्या. पोस्टमन वाडीत येई तो रिकाम्या पिशवीने. आमच्या दुकानातील बावीस घरांची खाती गिरणीवर अवलंबून होती. वडिलांनी माल बंद केला नाही. फक्त तांदूळ, मीठ, घासलेट व चहापूड एवढेच उधारीवर द्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. पण ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून आमचा माल येई, त्यालाही आपले पाहावयाचे होते. आषाढात त्याने उधारी तोडली. श्रावणात आईच्या पाटल्या तारण म्हणून बँकेत गेल्या.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नोकरी लागून थोडीच वर्षे झाली होती. आईचे रिकामे हात पाहून माझे डोके फिरले. गणपतीला बहुतेक चाकरमानी आले नाहीत. जे आले, ते दुकानासमोरून मान खाली घालून गेले. मी वडिलांना न विचारता वही काढली, मोठ्या बाक्या असलेल्या पाच जणांचे मुंबईचे पत्ते शोधले आणि पाच पोस्टकार्डे लिहिली. माझे अक्षर चांगले. शाळेत फळ्यावर लिहावे तसे ठळक लिहिले : ‘आपणांकडे दुकानची बाकी रुपये ४१२ असून ती त्वरित न पाठविल्यास आपल्या घरी माल देणे बंद करण्यात येईल.’ बाकीचा आकडा ज्याचा त्याचा, मजकूर एकच.

त्यानंतर महिन्याभरातील गोष्ट. एके सकाळी त्या ४१२ रुपयांच्या खातेदाराची बायको दुकानी आली. डोक्यावर तांब्याचा हंडा होता. तो तिने पायरीवर ठेविला आणि म्हणाली, “भाऊ, हा ठेवून घ्या. बाकी फिटेल तेव्हा नेईन.” वडिलांना काही कळेना. मग उलगडा झाला. पोस्टकार्ड खोलीवर गेले होते. घरमालकाने ते प्रथम वाचले, मग जेवणाच्या पंगतीत कोणी तरी मोठ्याने वाचले. खोलीत सगळे आमच्याच पंचक्रोशीतले. तो गृहस्थ संपामुळे आधीच गांजलेला. त्या दिवसापासून तो खोलीवर राहिनासा झाला. कोठे पदपथावर झोपे, ते कोणास ठाऊक. गावाहून आलेल्या एकाने ही हकिकत बायकोच्या कानी घातली होती.

वडिलांनी हंडा उचलला. दुकान आईवर सोपवून ते भर दुपारी तो हंडा स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिच्या घरी पोचवून आले. परत आल्यावर ते माझ्यावर रागावतील, असे मला वाटले होते. ते रागावले नाहीत. पाणी प्याले आणि एवढेच म्हणाले, “तगादा करणे हा आपला हक्क आहे. तो करावा. पण बंद पाकिटात करावा. बाकी त्याची आणि माझी आहे. ती चार जणांत वाचली गेली, की त्याचे देणे फिटते आणि आपले सुरू होते.”

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही आली. दरवर्षी जुन्या बाक्या ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून नव्या वहीत ओढल्या जात. त्या वर्षी वडिलांनी बावीस खात्यांच्या बाक्या नव्या वहीत ओढल्या नाहीत. त्यांनी जुनी वही तांबड्या फडक्यात बांधून फडताळात ठेविली. घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्यांनी हप्त्याहप्त्याने पुढील तीन वर्षे फेडले. आईच्या पाटल्या चौथ्या वर्षी सुटल्या. संप रीतसर असा कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही विरल्या. आज त्या जागांवर काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत.

त्या बावीसांपैकी कोणी आंब्याच्या बागेत राखणीला गेले, कोणी मुंबईत पहारेकरी झाले, कोणी हातगाडी घातली. आणि तरीही बाक्या येत राहिल्या. कधी पन्नास, कधी वीस. वडील फडताळातून जुनी वही काढीत, जमा मांडीत आणि पुन्हा फडक्यात बांधीत. १९९१ च्या शिमग्याला तो ४१२ रुपयांचा खातेदार आला. तो एका इमारतीवर पहारेकरी झाला होता. त्याने सगळी रक्कम एकरकमी पुढे ठेविली. मी वडिलांच्या कानाशी लागलो, “नऊ वर्षे झाली, आता घेऊ नका, सोडून द्या.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी नोटा मोजून घेतल्या, खात्यावर ‘भरपाई’ असे लिहिले, आणि त्याला पान दिले. नंतर मला म्हणाले, “तो देणे फेडायला आला होता, भिक्षा मागायला नव्हे.” जाताना त्या गृहस्थाने खिशातून एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड काढले व माझ्या हातात दिले. “गुरुजी, आपले पत्र. आता बाकी नाही.” त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर बरे झाले असते. ते पोस्टकार्ड आजही माझ्यापाशी आहे.

वडील २००३ साली वारले. दिवसकार्य झाल्यावर मी ती तांबड्या फडक्यातील वही उघडली. एकोणीस खात्यांवर ‘भरपाई’ असे होते. तीन पाने नव्हती. ती कोणी फाडलेली नव्हती. कात्रीने कडेपाशी व्यवस्थित कापून काढलेली होती. सुप्याच्या शेतकऱ्यांना सावकाराचे कागद जाळावे लागले. आमच्या वडिलांनी ती तीन पाने आपणहून नाहीशी केली, आणि ती नावे मला कधी सांगितली नाहीत.

बंधूंनो व भगिनींनो, हे सारे पुराण मी का सांगितले? आपल्या संस्थेचा शिक्षण-कर्ज निधी आहे. त्यातून आपली पुष्कळ मुले शिकली. काही कर्जे थकली आहेत. मागील सभेत अशी सूचना आली, की थकबाकीदारांची नावे व रकमा या स्मरणिकेत छापाव्यात. सूचना करणारे सभासद निधीच्या काळजीपोटीच बोलले, याबद्दल मला शंका नाही. थकलेला रुपया हा पुढच्या मुलाच्या फीचा रुपया आहे. तो वसूल झालाच पाहिजे; या बाबतीत मी त्यांच्याहून तसूभरही मागे नाही.

परंतु ही स्मरणिका म्हणजे पोस्टकार्ड आहे. ती आपल्या प्रत्येक घरात वाचली जाते. लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीसुद्धा ती चाळली जाते. तिच्यात ज्याचे नाव येईल, तो कदाचित् पैसे भरील. पण पुढच्या संमेलनाला तो येणार नाही, आणि त्याची मुलेही येणार नाहीत. म्हणून मंडळापुढे माझी विनंती अशी आहे. पहिले पत्र बंद पाकिटात जावे. दुसऱ्या खेपेस दोन वडीलधाऱ्या सभासदांनी घरी जावे, चहा घ्यावा आणि अडचण काय ती ऐकावी. हप्ता बांधून द्यावा, मग तो दोनशे रुपयांचा का असेना. ऐपत असूनही जो टाळतो, त्याच्या जामीनदारास नियमाप्रमाणे विचारावे. त्यात संकोच नको. हिशेब मात्र चोख असावा. किती रक्कम थकली, किती वसूल झाली, हे एकूण आकडे दरसाल सभेपुढे निःसंकोच यावेत. आकडे उघडे असावेत आणि नावे बंद असावीत, एवढेच माझे म्हणणे.

आता फोनवर बोट ठेविले की पैसे मुंबईहून गावी पोचतात. मनिऑर्डरीची वाट कोणी पाहत नाही, आणि आमच्या पडवीतील तराजूही गेला. नव्या पिढीला खतावणी लिहिता येणार नाही. तिची त्यांना गरजही नाही. पण देणारा व घेणारा हे नाते राहणारच. माझ्या हातून जी पाच पोस्टकार्डे गेली, ती मला परत बोलाविता आली नाहीत. आपले पोस्टकार्ड अजून टपालात पडलेले नाही. ते पडू नये, अशी हात जोडून प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.